मामांना विचारायचं नसतं

"मामा, डिकी लागलीय?"

विचारलं एवढंच होतं. पावसाळ्यातली सकाळ, टिळकवाडीतल्या आमच्या बोळात बेळगावची ती धड न भिजवणारी आणि धड न थांबणारी बुरबुर. ओम्नीच्या स्टिअरिंगवर अण्णा, शेजारी भाचा, मागे मी आणि मांडीवर डबे. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून जन्म काढलेला, चोर्ला घाट धुक्यात नुसत्या अंदाजानं उतरवणारा माणूस. "लागलीय की रे," ते म्हणाले आणि गाडी निघाली. डिकी खरंच लागलेली होती. वाटेत काही सांडलं नाही, मागून कुणी ओरडलं नाही, बाळेकुंद्रीला पाहुण्यांकडे आम्ही वेळेत पोचलो. पण मागे बसल्यामुळे मला आरशात अण्णांचे डोळे दिसत होते आणि ते हललेच नव्हते. ना आरशाकडे वळले, ना मागे. पोराचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन झालं होतं. रेल्वेच्या दुसऱ्या गेटवर गेट पडलं तेव्हा इंजिन बंद करून ते माझ्याशी बोलल्यासारखं, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "कवाधरनं गाडी चालवूलोय, आणि आता पोरं आम्हाला डिकी विचारूलेत." पोरगा खिडकीबाहेर बघत बसला.

काही बिघडलं असतं तर मी ते विसरूनही गेले असते.

हा भाचा निपाणीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. सांबऱ्याच्या विमानतळावर विमान चालवायला शिकतो म्हणून आमच्याकडे राहतो. आमच्या गोतावळ्यात तंबाखूचे व्यापारी झाले, मास्तर झाले, उद्यमबागेत फौंड्री टाकणारे झाले. विमानात बसलेलेच मोजके, चालवणारा हा पहिला. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडायचं असतं आणि प्रत्येक तासाचे पैसे भरायचे असतात, त्यामुळे घरात त्याचे तास कर्जाच्या हप्त्यांसारखे मोजले जातात. सांबरा, मुतगा भागातल्या लोकांना त्या छोट्या विमानांचा आवाज आता सवयीचा झालाय. मे २०२३ मध्ये होन्निहाळजवळ एक शिकाऊ विमान बिघाड होऊन शेतात उतरवावं लागलं, आतले दोघे वाचले. तेव्हा ते आमच्या कुणाचं नव्हतं म्हणून आम्ही फोटो बघून सोडून दिलं. आता कामाला सांबऱ्याकडे गेलं की मान आपोआप वर जाते.

रात्री जेवणं झाली की तो प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं एक कार्ड घेऊन बसतो आणि एकेक ओळ बोटानं दाबत वाचतो. मला वाटलं पाठ करतोय. आपल्याकडे पाठांतराला केवढा मान! संध्याकाळी परवचा म्हटल्याशिवाय ताट मिळायचं नाही आम्हाला. "झालं का पाठ?" असं मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाला, "मावशी, हे पाठ करायचं नसतं. इंजिन बंद पडलं, आग लागली, तर काय करायचं ते पाठ पाहिजे, तेव्हा वाचायला वेळ कुठला? पण हे रोजचं, निघण्याआधीचं. हे पाठ असलं तरी वाचायचं." पाठ असलं तरी वाचायचं, यातलं शहाणपण मला लगेच उमगलं नाही. उलट थोडं हसूच आलं. ज्याला येत नाही त्यानं पुस्तकात बघावं, येणाऱ्यानं कशाला?

निघण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारायची असते. पहाटेचं दव पंखावर असतं, हात ओला होतो, म्हणे. पंखावर चढून टाकीत कांडी बुडवून इंधन मोजायचं, काट्यावर विसंबायचं नाही. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरायचं. पाणी असलं तर ते खाली वेगळं बसलेलं दिसतं. पंखाखाली एक नळी असते, तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून विमानाचा वेग कळतो. तिच्यावर लाल पट्टीचं झाकण घातलेलं असतं ते काढायचं. हे झाकण कशाला, तर कुंभारमाशी! आपल्या नळाच्या तोंडात, कुलपाच्या भोकात मातीची घरं करते तीच. तिला ही नळी फार आवडते. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं एक विमान १८९ माणसांसह समुद्रात गेलं. ते काही दिवस नळ्यांना झाकण न घालता उभं होतं आणि चौकशीत बोट अशाच माशीच्या घरट्याकडे दाखवलं गेलं. पुढचं ऐका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला या माशीचा त्रास माहीत आहे, म्हणून तिथे विमान उभं राहिलं की नळ्यांवर झाकणं घालतात. जुलै २०१८ मध्ये मलेशिया एअरलाइन्सच्या एका मोठ्या विमानावर ती रीतसर घातली आणि काढायचीच राहिली. विमान तसंच रात्रीच्या आकाशात गेलं आणि वेग किती ते कुणाला कळेना. वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरवलं म्हणून फार कुणाच्या कानावर आलं नाही. निघण्याआधी जमिनीवरच्या माणसांनी बघायचं होतं, वैमानिकानं फेरी मारून बघितलंही होतं. नळ्यांना लोंबणाऱ्या लाल पट्ट्या कुणालाच दिसल्या नाहीत. बघितलं होतं म्हणजे अण्णांनी डिकी बघितली तसंच असणार.

ही कार्डाची चाल सुरू झाली १९३५ साली. अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोईंगचं नवं चार इंजिनांचं विमान लष्कराला दाखवायचं होतं. ३० ऑक्टोबरला ते उडालं, नाक वर करून सरळ चढत गेलं, गती हरवली आणि खाली येऊन जळालं. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, चाचण्या घेण्यात मुरलेले. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटीच्या हलत्या फळ्या आपटू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवायची एक सोय असते, गस्ट लॉक. ती सोडवायची राहिली होती. हिल गेले, त्यांच्याबरोबर असलेला बोईंगचा वैमानिक लेस्ली टॉवरही गेला. लोक म्हणाले, हे यंत्र एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. लष्करातल्या वैमानिकांनी मात्र उत्तर म्हणून आणखी हुशार वैमानिक मागितला नाही, कागदावर यादी केली. त्याच विमानाच्या पुढच्या रूपानं दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येनं उड्डाणं केली. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं, शाळेत सांगण्यासारखी आहे.

पण ३१ मे २०१४ च्या रात्री बॉस्टनजवळ बेडफर्डला एक खासगी जेट धावपट्टीवरून सुटलं ते उडालंच नाही. पुढच्या नाल्यात जाऊन पेटलं, आतले सातही गेले. पुन्हा तोच गस्ट लॉक! जवळजवळ ७९ वर्षांनी, यादी शोधून झाल्यावर, यादी कॉकपिटमध्ये असताना. दोघे वैमानिक बरीच वर्षं एकमेकांसोबतच उडत होते, एकमेकांना पुरते ओळखणारे. चौकशी करणाऱ्यांनी विमानातल्या नोंदी काढल्या तेव्हा मागच्या १७५ उड्डाणांपैकी फक्त दोनदा, निघण्याआधी दांडा पूर्ण फिरवून बघितल्याचं आढळलं. आवाजाच्या नोंदीत यादी वाचल्याचं कुठेच नाही. शेवटच्या सेकंदांत मात्र लॉक लागलंय, लॉक लागलंय, असं पुन्हापुन्हा येतं. मला त्या रात्रीपेक्षा आधीच्या उड्डाणांची जास्त धास्ती वाटते. जवळजवळ प्रत्येक वेळी पुरतं न बघता निघाले आणि प्रत्येक वेळी सुखरूप पोचले. पोचल्यावर माणसाला आपण चुकलो असं का वाटेल? त्याला वाटतं आपला हात बसलाय. अण्णांचाही बसलाच आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या गाडीत मला इतर कुणाहीपेक्षा निर्धास्त झोप लागते.

दुसऱ्या गेटचं नाव निघालं म्हणून आठवलं. लहानपणी शाळेतून येताना गेट पडलेलं असलं की आम्ही गेटमनच्या खोलीच्या दारात उभं राहायचो. आत रॉकेलचा, ओल्या घोंगडीचा आणि विडीचा एकत्र वास. फोन खणाणायचा. स्टेशनमास्तर गाडी येतेय म्हणून सांगायचे, गेटमनमामा बाहेर जाऊन गेट पाडून यायचे, आणि मग फोनवर नुसतं "गेट बंद" म्हणून भागायचं नाही. भिंतीवर अडकवलेल्या छापील कागदावरचा एक दोन आकडी नंबर ते वाचून दाखवायचे, पलीकडे मास्तर तो लिहून घ्यायचे आणि इकडे मामा त्याच्यावर काट मारायचे. प्रायव्हेट नंबर म्हणतात त्याला. आकडे उलटसुलट छापलेले, वापरला की बाद. आम्हाला तो काहीतरी गुप्त खेळ वाटायचा. आता वाटतं, ज्यानं कुणी ही पद्धत घातली त्याला माणसाची जीभ ओळखता आली होती. "बंद आहे" हे झोपेतही म्हणता येतं. आजचा आकडा त्रेसष्ट आहे की सतरा, हे झोपेत नाही म्हणता येत. त्यासाठी उठून कागदापर्यंत जावं लागतं.

विमानवाल्यांनाही हे कळलं, जरा उशिरा. यादीतल्या प्रत्येक ओळीला 'सेट', 'चेक्ड' अशी एकाच सुरातली उत्तरं येऊ लागली. नासासाठी असफ डेगानी आणि अर्ल वीनर या दोघांनी १९९० मध्ये याद्यांवर अहवाल लिहिला, त्यात नुसतं 'सेट' म्हणण्याऐवजी यंत्राची खरी स्थिती, आकडा म्हणावा असं सुचवलं. पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप्स, उड्डाणाआधी ठरलेल्या अंशांत बाहेर काढाव्या लागतात, नाहीतर जड विमान त्या वेगाला हवेत तग धरत नाही. तर 'फ्लॅप्स सेट' म्हणू नये, किती अंश ते म्हणावं. चांगली युक्ती. तिचं काय झालं ते माद्रिदला दिसलं.

२० ऑगस्ट २००८. स्पॅनएअरचं एमडी-८२ विमान, भर दुपारचं ऊन, सुट्टीला निघालेली कुटुंबं. विमान एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन परत आलं होतं, कारण बाहेरचं तापमान मोजणारा एक भाग जमिनीवरच तापत होता. मेकॅनिकनं त्याचा वीजपुरवठा तोडून दिला. उशीर झालेला, आत उकाडा, सगळं दुसऱ्यांदा करायचं. आपण सगळ्यांनीच हे केलेलं असतं, लग्नाला निघताना अर्ध्या वाटेतून परत येऊन पुन्हा कुलूप लावतो ते कधी नीट लावतो? यादी वाचत वाचत सहवैमानिक फ्लॅप्सच्या ओळीशी आला, तेवढ्यात कॅप्टननं त्याला निघण्याची परवानगी मागायला सांगितलं. ती ओळ राहून गेली. पुढे शेवटच्या तपासणीत सहवैमानिकानं आकडा म्हटला, 'अकरा'. तोच आकडा त्या उड्डाणासाठी ठरलेला होता. आणि फ्लॅप्स पूर्ण आत होते, शून्यावर. तो खोटं बोलला नाही. जो आकडा असायला हवा तो जिभेवर होता, डोळ्यानं बघायची गरज जिभेला वाटली नाही. अशी चूक दाखवून देणारी घंटा वाजायला हवी होती, तीही वाजली नाही. १७२ पैकी १५४ गेले.

याच्या २१ वर्षं आधी, ऑगस्टमध्येच, डेट्रॉइटला याच जातीचं विमान याच कारणानं पडलं होतं. त्या वेळी तर विमान धावपट्टीकडे नेतानाची यादी वाचलीच गेली नव्हती. शेवटच्या घटकेला धावपट्टी बदलली, वळण चुकलं, बोलण्यात लक्ष गेलं. घंटा तिथेही मुकी. जमिनीवरच्या दोघांसकट १५६ मृत्यू, वाचली एक चार वर्षांची मुलगी. त्यानंतर विमान बनवणाऱ्यांनी सुचवलं होतं की ती घंटा प्रत्येक उड्डाणाआधी तपासा. माद्रिदच्या विमानाची ती दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधीच तपासायची रीत होती. आणि घंटा वाजली म्हणजे सुटलो असंही नाही. १९९९ मध्ये ब्यूनस आयर्सला ती वाजत राहिली, वैमानिक धावत राहिले. ६५ माणसं गेली.

हे सगळं मी रात्री वाचत बसते म्हणून बहीण मला फोनवर रागावते. तिचं बरोबर आहे. पण मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून आयुष्य घालवलंय, त्यामुळे मला यात विमान कमी आणि ओळखीची खोली जास्त दिसते. यादी आमच्याकडेही आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये काढलेली, अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांच्या पुढाकारातून. गावंडे म्हणजे मूळ आपल्या उमरखेडकडचे, म्हणून मराठी वर्तमानपत्रांत त्याचं अंमळ जास्तच कौतुक झालं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात एक दिल्लीचं होतं, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत ती सक्तीसारखी लागू झाली, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात लक्षणीय फरकच दिसला नाही. अभ्यासक यावर बरंच बोलले. मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं: कागद भरला जातो, प्रश्न विचारला जात नाही. मी जिथे होते तिथे एक मोठे सर्जन होते, हाताला यश असलेले, लांबून पेशंट यायचे. "सर, कुठली बाजू?" असं कापायच्या आधी मोठ्यानं विचारायचं असा नियम झाला. मी विचारलं. ते मास्कवरून नुसते माझ्याकडे बघत राहिले, मग भूलतज्ज्ञाकडे बघून म्हणाले, "सिस्टरना आता आमची परीक्षा घ्यायचीय." सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर त्यांच्या टेबलवर सगळ्या चौकटींत टिका ऑपरेशन संपल्यावर एकदम व्हायच्या. त्यांची बाजू कधी चुकली नाही, हेही सांगायला हवं.

मोठ्या माणसाला विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, हे आपल्या हाडात आहे. फक्त आपल्याच आहे असं मी समजत होते. पण २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर, धुक्यात, केएलएमचं जम्बो धावायला लागलं तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, ते पॅनॅमचं विमान अजून पट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय की. कॅप्टन म्हणजे कंपनीचे प्रशिक्षणप्रमुख, जाहिरातीत ज्यांचा फोटो असे ते. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. शंका त्याला आली होती, ती त्यानं बोलूनही दाखवली होती. दुसऱ्यांदा विचारायचं बळ मात्र कुठून आणायचं? त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात हेच शिकवायला लागले, धाकट्यानं पुन्हा कसं विचारायचं आणि थोरल्यानं ते कसं ऐकून घ्यायचं. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण शिकवण आपल्या सासुरवाशिणींना कळेल अशीच आहे.

वर्तमानपत्रात मात्र 'वैमानिकाची चूक' एवढंच येतं आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं, कारण चूक एका माणसात मावली. २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमधला हवेचा दाब राखणारं एक बटण चालू करायचं राहिलं, कित्येक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. तेव्हा आमच्या वॉर्डातल्या टीव्हीसमोर सगळे म्हणाले, साधं बटण! साधं होतं म्हणूनच तर राहिलं. अवघड गोष्टीकडे माणूस डोळे वटारून बघतो.

अण्णांच्या त्या बोलण्यानंतर काही दिवसांनी मी भाच्याला विचारलं, "तुझ्या सरांना असं विचारशील काय रे, मामांना विचारलंस तसं?" तो चटकन म्हणाला, "सरांना? छे!" मग थांबून म्हणाला, "पण कार्डावर असतं नव्हं, म्हणून विचारता येतं. मी विचारूलोय असं होत नाही. कार्ड विचारूलंय." मला हे फार आवडलं. आणि लगेच खुपलंही, कारण ओम्नीला कार्ड नाही, आमच्या स्वयंपाकघराला नाही, गॅस बंद केलास का म्हणून सासूला विचारायला कुठल्या सुनेच्या हातात कार्ड असतं?

त्याचे सर मात्र वस्ताद दिसतात. परवा तो सांगत होता, एकदा यादी वाचताना सरांनी मुद्दामच काटा एक दाखवत असताना भलतंच उत्तर दिलं. त्याला दिसलं, तरी तो पुढची ओळ वाचून मोकळा झाला. सर म्हणतायत म्हणजे असेल. उड्डाण झालं, उतरल्यावर सर काही बोलले नाहीत, आणि त्यामुळे याला रात्री झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी पुन्हा तसंच केलं. या वेळी त्यानं कार्डावरचं बोट काढलं नाही आणि म्हणाला, "सर, परत एकदा." सरांनी काट्याकडे बघितलं. शाबास नाही, हसणं नाही, काही नाही. "वरनं घे," म्हणाले. मध्ये खंड पडला की पहिल्या ओळीपासून घ्यायचं असतं. त्यांनी घेतलं. या सगळ्यात उशीर झाला आणि त्याच विमानासाठी मागे थांबलेली दोन पोरं त्याच्यावर भडकली, म्हणे.